बंद पडलेला जुना ट्रक दूरवर नेताना
ट्रक अनेक वर्षे एकाच जागी उभा असेल, तर वाहतुकीचे भाडे ठरवण्याआधी त्याची चाके फिरतात का, हे आपण स्वतः जाऊन पाहावे, कारण खर्चातला मोठा फरक तिथेच पडतो. चाके फिरत असतील आणि स्टिअरिंग वळत असेल, तर साध्या विंचने (तार गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने) तो ट्रेलरवर चढतो. नाही तर क्रेन बोलवावी लागते. मी पहिल्या ट्रकच्या वेळी ही खात्री केली नव्हती आणि क्रेनचे भाडे अकारण भरले. चाके अडण्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच, की ब्रेकचे लायनर (ड्रमवर घासून चाक थांबवणारे अस्तर) चाकातल्या गंजलेल्या ड्रमला चिकटलेले असतात. चाकांखाली लाकडी ठोकळे लावून, ब्रेकचा अ‍ॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधले अंतर ठरवणारा भाग) सैल करून ड्रमच्या कडेला हातोडीने हलके ठोके दिले, की ते सहसा सुटतात.

तारखेचा आग्रह सोडून परतीच्या रिकाम्या ट्रेलरची वाट पाहिली, तर भाडे बरेच उतरते. मात्र ट्रेलरवर चढवल्यानंतरची एकूण उंची वाहतूकदाराला आधीच मोजून कळवावी, म्हणजे वाटेतल्या पुलांखाली अडचण येणार नाही.

लांब पल्ल्यावर ओढून नेण्याचा मोह टाळावा, कारण इंजिन बंद असताना मागची चाके गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवत राहतात, पण आतले तेल वरपर्यंत उडत नाही आणि वरचे भाग कोरडे घासले जातात. थोडे अंतर ओढणे भागच असेल, तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्स आणि मागची चाके जोडणारा लांब दांडा) काढून ठेवावा.

ट्रक ट्रेलरवर आवळून ठेवणारे पट्टे बंपरला न बांधता अ‍ॅक्सलला किंवा चॅसीला बांधावेत, आणि पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून ते पुन्हा ताणून घेण्यास चालकाला आवर्जून सांगावे.