मनातली धूळ आणि जगातले वैर

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

रोज युद्धाच्या बातम्या येत असताना माणसाने स्वतःच्या मनात डोकावत बसावे, हे कर्तव्य टाळणे नव्हे काय, असे तू विचारले आहेस. तेन्रीक्यो पंथाचा अभ्यास हाती घेताना हा प्रश्न तुला आधीच पडला, याचे मला समाधान वाटते. कारण या पंथात आत्मपरीक्षणाला जे स्थान आहे, ते समजले नाही तर बाकीचे वाचन कोरडेच राहील.

जपानच्या यामातो प्रांतात, म्हणजे आजच्या नारा परिसरात, एका शेतकरी घराण्यातल्या गृहिणीला, नाकायामा मिकी यांना, १८३८ साली साक्षात्कार झाला आणि तेथून या पंथाचा आरंभ झाला. अनुयायी त्यांना ओयासामा म्हणतात. त्यांनी स्वहस्ते लिहिलेल्या ‘ओफुदेसाकी’ या ग्रंथात १७ भाग आणि १७११ पदे आहेत. त्यातला तेरावा भाग तू सर्वांत आधी वाचावास, असे मी सुचवीन. तो १८७७ सालचा आहे आणि त्याच वर्षी जपानच्या दक्षिणेत सात्सुमाचे बंड होऊन देशातली माणसे एकमेकांचे रक्त सांडत होती. त्या भागात ओयासामा सांगतात की साऱ्या जगातली माणसे सारखीच भावंडे आहेत, त्यांत परका असा कोणीच नाही. उंच डोंगरावरचे, म्हणजे सत्ताधारी, आणि खालच्या दरीतले यांच्या आत्म्यांत काहीही भेद नाही. माणसांना आपले मूळ ठाऊक नाही म्हणून ती उच्चनीच मानतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे, आणि जगाच्या शांततेचा विचार हा पंथ याच ठिकाणापासून सुरू करतो.

आता मनाविषयी. या शिकवणीत शरीर हे ईश्वराने उसने दिलेले आहे आणि केवळ मन माणसाच्या मालकीचे आहे. त्या मनाचा चुकीचा वापर झाला की त्यावर धूळ बसते. ओयासामांनी त्याला पाप म्हटले नाही, धूळच म्हटले, ही मला त्यांची फार मोठी करुणा वाटते. धूळ कोणाच्याही घरात बसते आणि ती झाडता येते. किंबहुना ईश्वर स्वतःच केरसुणी होऊन जगाची अंतःकरणे झाडतो, असे ओफुदेसाकीत आले आहे. या धुळी आठ सांगितल्या आहेत: कृपणता, हाव, द्वेष, आपल्यापुरते प्रेम, आकस, राग, लोभ आणि गर्व.

यांपैकी चौथीपाशी तू थांब. द्वेष आणि राग ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही, आणि हाव व लोभ यांची आपल्याला निदान लाज तरी वाटते. पण आपल्यापुरते प्रेम ही धूळ आहे हे मान्य करायला मन तयार होत नाही, कारण ती सद्गुणासारखी दिसते. आपली मुले, आपली माणसे, आपला देश यांच्यावर जीव असणे कोणालाही गैर वाटत नाही. मात्र त्या जिवापोटी दुसऱ्याचे मूल कमी मोलाचे वाटू लागते तेव्हा युद्धाला लागणारी संमती तयार होते. रणांगणावर जाणाऱ्यांपैकी फार थोडे द्वेषाने पेटलेले असतात. बहुतेकांना आपण आपल्या माणसांचे रक्षण करीत आहोत असेच वाटत असते. म्हणून या एका धुळीचे परीक्षण मला जागतिक शांततेचे अगदी प्रत्यक्ष काम वाटते.

ते करायचे कसे, तर सकाळ-संध्याकाळच्या उपासनेत ‘आमची दुष्टता झाडून आम्हांला तार’ या अर्थाची प्रार्थना हस्तमुद्रांसह एकवीस वेळा गातात. तू रोज तिच्यानंतर एकच धूळ निवड आणि आज ती कोणाविषयी, कोणत्या प्रसंगी बसली, तेवढेच पाहा. दुसऱ्याच्या धुळीचा शोध कधीही घेऊ नकोस. आजार किंवा संकट हे ईश्वराचे सूचन आहे असे हा पंथ मानतो. ते स्वतःला लावून पाहणे साधकाचा अधिकार आहे, परंतु दुःखात असलेल्या माणसाला ते ऐकवणे ही माझ्या मते क्रूरताच आहे. आणि परीक्षणाचे फळ हातांत उतरले पाहिजे. कृतज्ञतेने, मोबदल्याविना केलेल्या श्रमाला तेथे हिनोकिशिन म्हणतात. प्रार्थनामंदिराचे लाकडी सोपे गुडघ्यांवर बसून पुसण्यापासून भूकंपानंतरच्या मदतकार्यापर्यंत सारे त्यात येते.

इतिहासाचा एक कठीण भागही टाळू नकोस. ओयासामांना सरकारने वारंवार अटकेत ठेवले. शेवटची अटक १८८६ च्या कडाक्याच्या थंडीत, त्यांची नव्वदी जवळ आली असताना झाली, तरी त्यांनी शिकवण सोडली नाही. त्यांच्या पश्चात १९०८ साली पंथाला शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माची एक शाखा म्हणून मान्यता मिळाली, आणि पुढे युद्धकाळात सरकारी दडपणाखाली ओफुदेसाकीच मागे घ्यावी लागली. चीनच्या ईशान्येकडील मंचुरियात जपानने चालवलेल्या वसाहतीतही पंथ सहभागी झाला. मूळ शिकवणीची पुनःस्थापना १९४५ नंतर झाली. सर्व माणसे भावंडे आहेत असे सांगणारा समुदायही राष्ट्राच्या रेट्यापुढे वाकतो, हे मला दुःखाने पण स्पष्टपणे तुला सांगावेसे वाटते. भीतीचे नाव त्या आठ धुळींत नाही. ती बहुधा आपल्यापुरत्या प्रेमाच्या आडोशाला बसते, तेथे तिला शोध.

पंथाचे केंद्र असलेल्या तेन्री शहरात जाशील तेव्हा महिन्याच्या २६ तारखेची उपासना चुकवू नकोस. मानवजातीचे उगमस्थान मानल्या गेलेल्या जागी कानरोदाई हा स्तंभ आहे, त्याच्याभोवती पाच पुरुष आणि पाच स्त्रिया मिळून कागुरा नृत्य करतात, आणि चारही बाजूंच्या दालनांतले भाविक त्याच मध्याकडे तोंड करून बसतात. शक्य झाल्यास १८ एप्रिलला, ओयासामांच्या जन्मोत्सवाला जा. तेव्हा देशोदेशीचे अनुयायी येतात. ज्या देशाविषयी तुझ्या मनात अढी आहे तेथला कोणी शेजारी बसलेला आढळला, तर राजकारणाआधी त्याच्या घरच्या माणसांची चौकशी कर.

तुझी हितचिंतक