घरासाठी किती किलोवॉटचं सोलर पुरेल?

बिल अडीच हजारांच्या आसपास येतं आणि सोलरवाला ५ किलोवॉट म्हणतोय, एवढं खरंच लागतं का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक नाही लागत.

त्याने घरातले पंखे, गीझर, फ्रिज मोजून बेरीज केली असणार. ती बेरीज इथे कामाची नाही. २ किलोवॉटचा गीझर वीस मिनिटं चालला तर पाऊण युनिटही जळत नाही. रुपयेही बाजूला ठेवा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, त्यातले सलग बारा महिने जोडा. एकट्या मे महिन्याच्या बिलावरून ठरवाल तर नक्की फसाल.

आपल्याकडे १ किलोवॉटचं सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, वर्षाला साधारण १,४००. आमचा नाशिकच्या घरचा वापर वर्षाला ३,३०० युनिटांचा, म्हणजे २.४ किलोवॉट. पुढे एसी घ्यायचा होता म्हणून ३ बसवलं. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे निर्मिती खूप घटते, पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे लाइनला दिलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा होतात त्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात, म्हणूनच वर्षाचा हिशोब धरायचा. मार्चअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना मात्र अगदी कमी दर मिळतो. वीज विकून कमाई करू, हा विचार सोडा.

सबसिडीही तेच सांगते. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००. चौथा-पाचवा किलोवॉट पूर्ण तुमच्या खिशातून.

मग गच्ची बघा. किलोवॉटमागे सुमारे १०० चौरस फूट जागा लागते, तीही बिनसावलीची. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे टाकीची सावली एकावर पडली तरी सगळ्या माळेची वीज घटू शकते. संक्रांतीच्या सुमारास सावल्या लांब असतात, तेव्हा सकाळी नऊला आणि दुपारी चारला वर जाऊन बघा. पॅनलचं तोंड दक्षिणेला.

आणि लाइट जाते म्हणून सोलर घेत असाल तर थांबा. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलर, लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. लाइट गेल्यावरही वीज हवी तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि तो केवढा घ्यायचा हे ठरवताना मात्र पंखे-फ्रिज मोजावेच लागतात.