औषधसाठा, इम्प्लांट आणि ताब्याची नोंद: बारकोड कुठे, आरएफआयडी कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे: रुग्णालयात एक मुख्य स्टोअर, ऑपरेशन थिएटर आणि काही वॉर्ड आहेत. स्टेंट, इम्प्लांट, मॉर्फिन-फेंटानिलसारखी मादक औषधं आणि उपकरणांचे ट्रे या सगळ्यांवर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी न शिवता वाचता येणाऱ्या चिपच्या चिठ्ठ्या) लावले आणि दारांवर ते वाचणारे रीडर बसवले, तर वह्या बंद करून 'माल कोणाच्या ताब्यात आहे' हे आपोआप नोंदता येईल का?

वह्या बंद करता येतील. ताबा मात्र आपोआप नोंदला जाणार नाही, आणि कुणी तशी प्रणाली विकत असेल तरी घेऊ नका. दारावरच्या रीडरला एवढंच कळतं, की अमुक टॅग अमुक क्षणी अँटेनाच्या टप्प्यात होता. कोणी नेला, मोजून घेतला का, पाकीट फुटलेलं होतं का, यातलं त्याला काही कळत नाही. ताबा बदलतो तो एकाने दिलं आणि दुसऱ्याने पाहून घेतलं तेव्हा. म्हणून आरएफआयडी मोजणीला आणि शोधायला वापरा, आणि हवाली करताना-घेताना मात्र माणसाने हातात धरून स्कॅन करावं.

सुरुवात बारकोडपासूनच करा, कारण बहुतेक मालावर उत्पादकाने तो आधीच छापलेला असतो. चौकोनी ठिपक्यांच्या जीएस१ डेटामॅट्रिक्समध्ये (जीएस१ ही बारकोडचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) साधारण चार गोष्टी असतात. ०१ या खुणेनंतर १४ अंकी वस्तुक्रमांक (जीटीआयएन), १७ नंतर सहा अंकी मुदत (वर्ष, महिना, दिवस), १० नंतर बॅच आणि २१ नंतर अनुक्रमांक. पहिल्या दोन्हींची लांबी ठरलेली असते. बॅच आणि अनुक्रमांक २० अक्षरांपर्यंत कितीही लांब असू शकतात, त्यामुळे त्यांच्यापुढे आणखी काही असेल तर मध्ये एक न दिसणारं विभाजक चिन्ह येतं, आस्की तक्त्यातलं (संगणकात प्रत्येक अक्षराला-चिन्हाला क्रमांक देणारा तक्ता) २९ क्रमांकाचं.

सगळ्यात जास्त घोळ या विभाजकात होतो. स्कॅनर कीबोर्डसारखा जोडलेला असेल तर पुष्कळदा ते चिन्ह वाटेतच गळतं. मग बॅच 'एबी१२' आणि अनुक्रमांक '४४७१' असलेलं पाकीट 'एबी१२२१४४७१' अशा एकाच बॅचचं म्हणून नोंदलं जातं. रोजच्या कामात कोणाच्या लक्षात येत नाही. उत्पादकाने एबी१२ ही बॅच परत मागवली की शोधात शून्य नग सापडतात, आणि ते नग कपाटातच असतात. उपाय असा: स्कॅनरच्या सेटिंगमध्ये हे चिन्ह जसंच्या तसं पाठवायला सांगा, किंवा त्याऐवजी उभी रेघ पाठवायला लावा आणि प्रणालीत ती परत बदला. शक्य असेल तर कीबोर्डऐवजी सीरियल पोर्ट पद्धतीने जोडा, म्हणजे मजकूर टाइप झाल्यासारखा न येता थेट प्रणालीकडे जातो. त्याने आणखी दोन त्रास टळतात: कॅप्स लॉक चालू राहिल्याने अक्षरं लहान-मोठी होणं, आणि संगणकावर मराठी कीबोर्ड निवडलेला असला की बॅचची रोमन अक्षरं देवनागरी होऊन पडणं.

मुदतीत दिवसाच्या जागी ०० असेल तर अर्थ 'त्या महिन्याचा शेवटचा दिवस' असा घ्यायचा. काही प्रोग्रॅमिंग भाषांत शून्यावा दिवस म्हणजे आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस धरला जातो, त्यामुळे ३० जूनपर्यंत चालणारा माल ३१ मेलाच बाद ठरतो. चाचणीत असा एक नमुना मुद्दाम घाला. वस्तुक्रमांकांची यादी स्प्रेडशीटमध्ये उघडून परत जतन केली की सुरुवातीची शून्यं उडतात, तेव्हा तो स्तंभ मजकूर म्हणूनच ठेवा.

खोक्याचा वस्तुक्रमांक आणि आतल्या नगाचा वस्तुक्रमांक वेगळे असतात. 'या क्रमांकाच्या एका खोक्यात त्या क्रमांकाचे १० नग' हा तक्ता आधी भरला नाही, तर खोकं स्कॅन झालं की एक नग जमा आणि नऊ नग हिशोबाबाहेर. माझ्या मते हा तक्ता नीट भरणं हे सगळ्या प्रकल्पातलं सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात मोलाचं काम आहे. ते पुरवठादारावर सोडू नका. स्टोअरमधल्या जाणकार माणसाकडून एकेक खोकं उघडून करून घ्या.

स्वतः लेबल छापायची वेळ येते ती सुट्या डोससाठी आणि ट्रेसाठी. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ बिंदू छापणाऱ्या) प्रिंटरवर एका मिलिमीटरमध्ये ८ बिंदू बसतात, म्हणून डेटामॅट्रिक्सचा एक चौकोन ०.२५ मिमी (२ बिंदू) किंवा ०.३७५ मिमी (३ बिंदू) ठेवा. ०.३ मिमी मागितलं तर २.४ बिंदू होतात, चौकोन कमी-जास्त जाडीचे पडतात आणि चांगला स्कॅनरही अडखळतो. चारी बाजूंना निदान एका चौकोनाइतकी कोरी जागा सोडा. थेट उष्णतेने छापणारा कागद ऊन आणि स्पिरिट लागलं की काळवंडतो किंवा पुसट होतो, वॅक्स रिबनची (मेणाच्या शाईच्या फितीची) छपाईही स्पिरिटच्या बोळ्याने निघते. वॉर्डात टिकायला रेझिन रिबन आणि प्लास्टिकचं लेबलच लागतं.

आता आरएफआयडी. लांबून वाचणारे टॅग ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात (देशानुसार त्यातला ठरावीक भाग वापरायचा असतो, रीडर त्याप्रमाणे घ्या) आणि काही मीटरवरून शेकडो नग एका फेरीत मोजतात. त्यांना पाणी आणि धातू सोसत नाही. सलाइनची पिशवी लहर शोषून घेते, फॉइलचं पाकीट ती परतवून लावतं. फॉइलवर टॅग चिकटवायचा तर तो झेंड्यासारखा बाहेर काढा किंवा धातूवर चालणारा जाड टॅग घ्या. १३.५६ मेगाहर्ट्झचे टॅग जवळूनच वाचले जातात, पण द्रवाचा त्यांना फारसा अडथळा होत नाही, म्हणून रक्तपिशव्या आणि कुप्यांच्या कप्प्यांना ते बरे.

स्टेंटची पातळ खोकी पुस्तकांसारखी दाटीने उभी ठेवली आणि सगळे टॅग एकाच जागी असले, तर शेजारचे टॅग एकमेकांना दाबतात आणि दोन-चार वाचलेच जात नाहीत. टॅगची जागा खोक्यागणिक वर-खाली बदला. कपाटाला आतून धातूचं आवरण हवं, नाहीतर शेजारच्या ट्रॉलीवरचा मालही कपाटात दिसतो. दार बंद झाल्यावर मोजणी करून आधीच्या मोजणीशी फरक काढायचा, पण एका फेरीत टॅग दिसला नाही म्हणून नग लगेच खर्ची टाकायचा नाही. सलग तीन फेऱ्यांत दिसला नाही तर 'बेपत्ता' अशी खूण करा आणि माणसाकडून कारण भरून घ्या. वापरलेल्या स्टेंटचं रिकामं खोकं टॅगसकट कपाटाजवळच्या कचरापेटीत पडलं तर तेही शिल्लक म्हणून मोजलं जातं. वापर नोंदला की टॅग फाडायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

टॅगवर काय लिहायचं? नेहमीच्या ९६ बिटांच्या रचनेत अनुक्रमांकाला ३८ बिट मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त २,७४,८७,७९,०६,९४३. त्यात अक्षरं बसत नाहीत आणि सुरुवातीची शून्यं टिकत नाहीत. उत्पादकाचा अनुक्रमांक अक्षरांचा असेल तर १९८ बिटांची रचना घ्या, किंवा टॅगला स्वतःचा क्रमांक देऊन जोडणी डेटाबेसमध्ये ठेवा. मुदत-बॅच टॅगवर लिहीत बसू नका, ती डेटाबेसमध्येच असू द्या. क्रम असा: आधी बारकोड स्कॅन, मग टॅग लिहिणं, परत वाचून पडताळणं, चिपचा कारखान्यातून आलेला ओळखक्रमांक नोंदणं आणि शेवटी कुलूप, म्हणजे लिहिलेलं कोणी बदलू नये. नव्या टॅगचा पासवर्ड शून्य असतो. तो न बदलता लावलेलं साधं कुलूप कुठलाही रीडर उघडू शकतो.

ऑटोक्लेव्हमध्ये (उपकरणं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १३४ अंशांची वाफ असते, साधा टॅग आणि साधा गोंद दोन्ही तिथे टिकत नाहीत. उपकरणांवर लेझरने कोरलेला छोटा डेटामॅट्रिक्स आणि ट्रेला उष्णता सोसणारा टॅग, ही विभागणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. गॅमा किरणांनी निर्जंतुक होणाऱ्या मालावर साध्या चिपची स्मृती बिघडू शकते, तिथे एफरॅम प्रकारची (या किरणांत टिकणाऱ्या स्मृतीची) चिप लागते.

एक गोष्ट सुरक्षेची. २००८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात आरएफआयडीजवळ अतिदक्षतेची उपकरणं तपासली होती. १२३ चाचण्यांत ३४ वेळा व्यत्यय आला आणि त्यातल्या २२ वेळा तो धोकादायक होता. आयसीयूच्या खाटेजवळ अँटेना लावू नका. आपल्याच व्हेंटिलेटर आणि इन्फ्युजन पंपाजवळ, त्यांना रुग्ण जोडलेला नसताना, पूर्ण शक्तीवर चाचणी केल्याशिवाय रीडर चालू करू नका.

आता ताबा. देणाऱ्याने आपलं ओळखपत्र आणि पिन, मग एकेक नग स्कॅन करायचा. त्यानंतर माल 'वाटेत' या स्थितीत जातो आणि नेणाऱ्याच्या नावावर राहतो. घेणाऱ्याने आपलं ओळखपत्र आणि तेच नग स्कॅन केल्यावरच ताबा बदलतो. नुसतं 'मिळालं' बटण दाबून पोच देता येईल अशी सोय ठेवली, तर आठवड्याभरात कोणी नग स्कॅन करणार नाही. मादक औषधं वाटेत अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिली तर प्रमुखाला सूचना जावी. सीलबंद पेटी असेल तर सीलचा क्रमांक स्कॅन करून पूर्ण पेटी एक मानता येते. सील तुटलं की मात्र तो हिशोब संपला, आतलं एकेक मोजायचं.

पाळी बदलताना मादक औषधांची मोजणी होते, तेव्हा पडद्यावर अपेक्षित आकडा आधी दाखवू नका. दिसला की तोच लिहिला जातो. ॲम्प्युल अर्धवट वापरलं तर २ मिलीपैकी १.२ दिले, ०.८ टाकले, ही बेरीज जुळल्याशिवाय नोंद पुढे जाऊ नये, आणि साक्षीदाराने स्वतःच्या पिनने सही करावी. चुकीची नोंद पुसायची नाही, उलटी नोंद टाकून दुरुस्त करायची. नेटवर्क नसताना हातातलं यंत्र नोंदी साठवतं, त्यासाठी प्रत्येक नोंदीला यंत्रावरच एकमेव क्रमांक द्या, म्हणजे दोनदा पोचली तरी एकदाच धरली जाईल. प्रत्यक्ष घडल्याची वेळ आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ दोन्ही जपा, यंत्रांची घड्याळं रोज जुळवा.

रुग्णाला लावताना मनगटपट्टी आणि नग दोन्ही स्कॅन करायचे. पट्टीच्या बारकोडमध्ये वेगळी खूण असू द्या, म्हणजे टेबलावर चिकटवलेली प्रत स्कॅन करून काम उरकता येणार नाही. आणीबाणीत मात्र कोणालाही स्कॅनसाठी थांबवायचं नाही. सीलबंद तयार ट्रे उचलावा, आणि नंतर रिकामा ट्रे परत घेताना उरलेले नग स्कॅन करून वापर काढावा.

सुरुवात इम्प्लांट आणि मादक औषधांपासून, फक्त बारकोडने करा, आणि महिनाभर वही समांतर चालू ठेवा. दर आठवड्याला एक बॅच निवडून 'हिचे सगळे नग आत्ता कुठे आहेत, कोणाच्या नावावर आहेत, कोणत्या रुग्णाला लागले' हे प्रणालीला विचारा आणि प्रत्यक्ष जाऊन पडताळा. फरक शून्यावर आला की वही थांबवा. टॅगसाठी कपाटं नंतर घ्या, तीही आधी स्टेंटची.