जुन्या ली-एनफील्डचा मूळ दस्ता तडकलाय. दुरुस्त करावा की नवा बसवावा?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: कोल्हापुरातल्या तुमच्या संस्थेच्या संग्रहात कायमची निकामी केलेली एक ली-एनफील्ड मार्क ३, म्हणजे जुनी ब्रिटिश लष्करी रायफल आहे. पुढचं लाकूड, म्हणजे फोरएंड, मागच्या टोकाला उभं तडकलंय, बट, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा दस्ता, हलतो, आणि मूळ लाकूड मिळत नाही म्हणून सुतार शिसमाचं नवं करून द्यायला तयार आहे. माझं मत विचाराल तर नको. शिसम अक्रोडापेक्षा जड आणि रंगाला वेगळं. शिवाय फोरएंडच्या खालच्या अंगाला, नळीच्या तोंडाकडे, बहुतेक वेळा रायफलीचाच नंबर ठोकलेला असतो. तो नंबर गेला की जोडी फुटली.

आधी कागद बघा. निकामी केल्याची नोंद हाताशी नसेल तर थांबा. शस्त्र चालू स्थितीत असेल तर दुरुस्तीलासुद्धा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली परवाना लागतो, आणि या रायफलीचा .३०३ तर प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप). असं काम परवानाधारक गनस्मिथकडेच जायला हवं. परदेशातून सुटे भाग मागवायचा विचारही परवान्याशिवाय करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बट हलतो म्हणून लगेच बोल्ट आवळायला जाऊ नका. बटच्या पोटातून जाणाऱ्या लांब बोल्टचं पुढचं टोक मार्क ३ मध्ये चौकोनी असतं आणि फोरएंडच्या मागच्या टोकातल्या छोट्या धातूच्या पट्टीत अडकून बसतं. बोल्ट आपोआप सैल पडू नये म्हणून ही सोय. पण फोरएंड जागेवर असताना बोल्ट फिरवला की ते टोक पट्टीसकट लाकूड फाडतं. तुमचा तडा बहुधा अशाच कुणाच्या तरी घाईने पडलाय. म्हणून मॅगझिन, मधला बँड (लाकूड नळीला धरणारी धातूची कडी), नोजकॅप (नळीच्या तोंडाकडची धातूची टोपी), आतल्या बँडचा स्क्रू आणि ट्रिगर गार्ड काढून फोरएंड आधी उतरवायचा. उतरवतानाही नळीच्या तोंडाकडून उचकटू नका. दोन्ही टोकं एकदम, सरळ खाली आली पाहिजेत. मगच बटप्लेटची (बटच्या मागच्या टोकावरच्या धातूच्या पत्र्याची) झडप उघडून आतला चामड्याचा किंवा नमद्याचा बोळा काढायचा आणि लांब, चपट्या तोंडाच्या स्क्रू ड्रायव्हरने बोल्ट आवळायचा. बोळा न काढता ड्रायव्हर घातला तर तो घसरतो आणि भोकाची भिंत फुटते.

तडा चिकटवण्याआधी तेल काढावं लागतं. वर्षानुवर्षं मुरलेलं बंदुकीचं तेल लाकूड मऊ करतं आणि त्यावर कुठलाच गोंद धरत नाही. खडूची पूड अॅसिटोनमध्ये कालवून ३-४ मिलिमीटर जाड लेप द्या. हे काम उघड्यावर, विस्तवापासून लांब. लेप वाळला की पिवळट होतो. ब्रशने झाडून पुन्हा द्या, पांढरा निघेपर्यंत. ओव्हन क्लीनर किंवा कॉस्टिक सोडा अजिबात नको, लाकूड काळं पडतं.

मग अॅराल्डाइट स्टँडर्ड, रेझिन आणि हार्डनर आकारमानाने समसमान. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका, तड्यात खोल उतरायला त्याला वेळच मिळत नाही. फेव्हिकॉल तेलकट अक्रोडावर टिकत नाही. तडा हलकेच फाकवून सुईने गोंद आत सोडा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि २४ तास हात लावू नका. धातूची पट्टी आधी काढून ठेवा. काढता येत नसेल तर तिला मेण चोळा, नाहीतर तीही कायमची चिकटेल. ढलपी गेली असेल तर मोडक्या अक्रोडी फर्निचरमधला तुकडा नस जुळवून बसवा. तो बसतोय का हे बघायला धातूला काजळ लावून लाकूड टेकवा. काळं उठेल तेवढंच पटाशीने खरवडा.

पॉलिश पेपर मारू नका. तपासनिसांचे शिक्के असतात जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल, आणि सुतार दहा मिनिटांत ते साफ करतो. चेपलेल्या जागी ओलं सुती कापड ठेवून गरम इस्त्री काही सेकंद टेकवा. दबलेले तंतू वर येतात, तुटलेले येत नाहीत. शिक्क्यावर मात्र वाफ नको.

शेवटचा हात कच्च्या जवसाच्या तेलाचा; ब्रिटिश कारखानेही तेच वापरत. घाण्यावरचं चालेल, खाण्याचं रिफाइंड नको. काही थेंब तळव्याने घासायचे, तासाभराने उरलेलं कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, पुढचा हात दोन-तीन दिवसांनी. असे पाच-सहा हात. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हे काम काढूच नका, तेल वाळत नाही, चिकट राहतं आणि बुरशी धरते. तेलाची फडकी पाण्यात बुडवूनच टाका, गोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेतात. वार्निश, टचवुड, पॉलियुरेथेन, यांतलं काहीही नको.

पुन्हा जोडताना आधी बट. बोल्ट आवळून झाल्यावर त्याच्या चौकोनी टोकाच्या बाजू उभ्या आहेत ना ते बघा. तिरक्या असतील तर फोरएंड वर सरकणार नाही, आणि जोर लावलात तर नवा सांधा पुन्हा उघडेल.

बट खरंच गेला असेल आणि बदलावाच लागला, तर माथ्यावर बटप्लेटजवळचं अक्षर वाचा: एस आखूड, एन नेहमीचा, एल लांब, बी सर्वांत आखूड, प्रत्येकात अर्ध्या इंचाचा फरक. क्रमांक ४ या नंतरच्या ली-एनफील्ड रायफलीचा फोरएंड मार्क ३ वर बसत नाही, कुणी स्वस्तात देत असला तरी घेऊ नका.