जुनं सेसना १७२ विमान घेऊन त्यात नवीन ग्लास पॅनल, म्हणजे काट्यांच्या घड्याळांऐवजी स्क्रीनचं पॅनल, टाकायचं तर एकूण किती खर्च येईल?

तुम्ही लिहिलंय की १९७८ चं १७२एन मिळून राहिलं, ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण उघडून नव्यासारखं केल्यावर, इंजिन फक्त साडेआठशे तास चाललंय, म्हणून इंजिनाचं टेन्शन नाही आणि बजेट सगळं पॅनलला. भाऊ, ते 'म्हणून' वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी २०१७ मधे ऐकलंय, आमच्याच घरात.

आम्ही तिघं पार्टनर, मी, माझे मोठे भाऊजी आणि त्यांचे एक डॉक्टर मित्र. माझं हिंगणा एमआयडीसीत इंजिनाचं वर्कशॉप आहे, ट्रॅक्टर, डिझेल पंप, क्रँक ग्राइंडिंग, हीच कामं. विमान समुद्राकडच्या एका हँगरमधे उभं होतं. ओव्हरहॉल २००९ चं, त्यानंतर ९०० तास, पण ते जवळपास सगळे पहिल्या तीन वर्षांतले, पुढच्या पाच वर्षांत मिळून चाळीस तास पण नाही. इंजिन बनवणारी लायकॉमिंग कंपनी म्हणते, पुढचं ओव्हरहॉल २००० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी होईल तेव्हा. म्हणजे कागदावर सगळं बसत होतं. भाऊजी म्हणाले, अर्ध्याहून जास्त लाइफ बाकी आहे. मी म्हटलं, बाकी आहे का ते टॅपेट काढून पाहू.

काहून म्हटलं ते सांगतो. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे टॅपेट नावाच्या तुकड्यांना ढकलून व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या वर असते, इंजिन उभं राहिलं की तेल खाली निथळून जातं, वर ओलावा धरतो आणि तिच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यांवर, गंजाचे ठिपके पडतात, मग पुन्हा चालवलं की तोच लोब टॅपेटला खरवडत बसतो. १७२एन मधलं ओ-३२० एच२एडी मॉडेलचं इंजिन तर यासाठी बदनामच आहे, त्यात दर पन्नास तासाला कंपनीचं अ‍ॅडिटिव्ह टाकावं लागतं. एकच चांगलं, याचे टॅपेट क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य कवच, न उघडता बाहेर निघतात. एका दिवसाचं काम हो!

भाऊजी म्हणाले, "तू ट्रॅक्टरवाला, विमानाच्या इंजिनात डोकं नको चालवू." ताईसमोर, डॉक्टरांसमोर म्हणाले. मी चूप बसलो. चूप बसायला नव्हतं पाहिजे.

२८ लाखात विमान घेतलं, लगेच १५ लाखाचं पॅनल, गार्मिन कंपनीचे दोन जी५ स्क्रीन, नवीन जीपीएस, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र), वायरिंग. नागपूरला आणलं आणि पहिल्याच ऑइल चेंजला सोनेगाव विमानतळावर एएमई साहेबांनी (विमानाचे लायसन्सवाले मेंटेनन्स इंजिनिअर) फिल्टरचा डबा कापला. आतला घड्याघड्यांचा कागद सोडवला, व्हाइसमधे दाबून तेल काढलं आणि उन्हात धरला. घडीघडीत चमक. मी खिशातलं मॅग्नेट फिरवलं तर कण उभे राहून चिकटले, अ‍ॅल्युमिनियम चिकटत नाही, म्हणजे पोलादच. टॅपेट काढला. त्याचं तोंड आरशासारखं पाहिजे, ते टाकी लावलेल्या जात्यासारखं झालं होतं. तो टॅपेट आजही माझ्या वर्कशॉपच्या ड्रॉवरमधे आहे.

फ्रेट, कस्टम सगळं धरून ओव्हरहॉल २३ लाखाला पडलं आणि विमान चौदा महिने जमिनीवर. त्या चौदा महिन्यांत हँगरचं भाडं चालू, इन्शुरन्स चालू, नवेकोरे स्क्रीन कव्हरखाली. नागपूरच्या मिहानमधे मोठमोठ्या विमानांचं एमआरओ, म्हणजे दुरुस्तीचं केंद्र, आहे, पण आपल्या चार सिलेंडरच्या पिस्टन इंजिनाला त्याचा काय उपयोग, इंजिन बाहेरच पाठवावं लागलं.

भाऊजी आजही लग्नकार्यात भेटले की म्हणतात, नागपूरच्या उन्हानं इंजिन गेलं. ४५ डिग्रीत पंचवीस तासांत कॅमला असे खड्डे पडत नाहीत, हे मी इथे लिहून ठेवतो. लोखंड ट्रॅक्टरमधलं असो की विमानातलं, न वापरता ओलाव्यात ठेवलं की सारखंच गंजते.

तर तुमचा आकडा. विमानाची किंमत अधिक एक पूर्ण ओव्हरहॉल, असंच धरून चाला, आज बाहेर त्याचेच तीस-चाळीस हजार डॉलर होतात, वरून येण्याजाण्याचा खर्च आणि ड्युटी. ते पैसे बाजूला ठेवल्यावर जे उरेल त्याचं पॅनल. विकताना पॅनलचे पूर्ण पैसे कोणी देत नाही. आणि जे बसवाल त्याची तुमच्या मॉडेलसाठी एसटीसी, म्हणजे तो बदल करायची मंजुरी, आहे का, डीजीसीएचे, म्हणजे सरकारी विमान खात्याचे, कागद कसे होतील, हे ऑर्डर द्यायच्या आधी पाहा. अ‍ॅवगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, तासाला तीसेक लिटर धरा, आणि साध्या पेट्रोलसारखं ते वाटेल तिथे मिळत नाही.

हां, एक राहिलं. पॅनल वाईट असते असं मी म्हणून नाही राहिलो. काट्यांच्या घड्याळांना चालवणारा जुना व्हॅक्यूम पंप ढगात दगा देऊ शकतो, त्याच्या जागी जी५ बसवणं मला पटते. आणि साडेआठशे तास दरवर्षी नियमित उडून झाले असतील तर माझी अर्धी भीती खोटी. विमान १९६८ ते १९७६ मधलं असतं तर इंजिन ओ-३२० ई२डी असण्याची शक्यता जास्त, त्यात टॅपेट बाहेरून निघत नाही, एखादं सिलेंडर काढून कॅम पाहावी लागते. विकणारा तपासायला नाही म्हणाला तर उठून या.

लॉगबुकची शेवटच्या पाच वर्षांची पानं फोटो काढून इथे टाका. तास किती यापेक्षा दोन उड्डाणांमधे किती महिने गेले ते मला पाहायचंय.