स्टिरॉइड घेतल्याचा संशय असलेल्या बॅरी बाँड्ससारख्या बेसबॉल विक्रमवीरांबद्दल अमेरिकन लोकांचं मत काय? त्यांचे विक्रम पुसून टाकावेत का?

मत विचारायचं तर आधी समोरचा कुठल्या संघाचा आहे ते विचारा. सॅन फ्रान्सिस्कोत बाँड्स देव आहे, कारण तो तिथल्या जायंट्स संघाचा. शहराबाहेर पडलात की चोर. 2007 मध्ये तो हँक एरनच्या कारकिर्दीतल्या 755 होमरनच्या (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) विक्रमाजवळ पोचला तेव्हा दुसऱ्या गावांत तो बॅट घेऊन आला रे आला की हुर्यो सुरू व्हायची. बाँड्स काळा आहे, आणि त्या वेळच्या पाहण्यांत गोऱ्या आणि काळ्या प्रेक्षकांची मतंही सरळसरळ वेगळी निघाली होती. काळ्या चाहत्यांपैकी बहुतेकांना विक्रम मोडायला हवा होता, गोऱ्यांपैकी बहुतेकांना नको होता. हे इथे कोणी मोठ्यानं बोलत नाही, पण लक्षात ठेवा.

मी बे एरियात राहतो आणि जायंट्सवाला आहे. 7 ऑगस्ट 2007 ला 756 वा होमरन गेला तेव्हा मी मैदानात होतो. माझे साडू न्यू जर्सीहून मुलांना घेऊन आमच्याकडे आले होते. कट्टर यँकीजवाले, म्हणजे न्यूयॉर्कच्या संघाचे. तिकिटं मीच काढली, कारण असा दिवस पुन्हा बघायला मिळणार नाही हे मला कळत होतं. ऑगस्ट असूनही खाडीवरून असा बोचरा वारा येत होता की लसणीच्या फ्राइजचा कागदी डबा सगळे हात शेकायला धरून बसले होते. पाचवी इनिंग, वॉशिंग्टनचा पिचर बॅसिक चेंडू टाकत होता. बॅट फिरली आणि चेंडू कुठे जाणार हे आवाजावरूनच कळलं. बाँड्सनं तिथेच दोन्ही हात वर केले. उजवीकडच्या स्टँडमध्ये चेंडूवर माणसांचा ढीग पडला आणि त्या ढिगातून एक पोरगा चेहऱ्यावर रक्त घेऊन, चेंडू घट्ट धरून बाहेर आला. मग मोठ्या पडद्यावर खुद्द एरन दिसला, बाँड्सचं अभिनंदन करताना. तो येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. एरनही काळा, आणि त्याच माणसाला 1974 मध्ये बेब रूथचा 714 होमरनचा विक्रम मागे टाकताना जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं आली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

सगळं स्टेडियम उभं होतं. साडू हाताची घडी घालून बसून राहिले. परतीच्या कॅलट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "अरे, चोराला टाळ्या कसल्या वाजवतोस? पोरांना हेच शिकवणार का?" त्या दिवाळीला दोन्ही बहिणीच फोनवर बोलल्या. आम्ही दोघं नाही.

आता मुद्द्याचं. बाँड्सनं घेतलं का? घेतलं, असं मीही मानतो. 2003 मध्ये खेळाडूंना स्टिरॉइड पुरवणाऱ्या बाल्को प्रयोगशाळेच्या प्रकरणात त्यानं ग्रँड ज्युरीपुढे सांगितलं की मला वाटलं ते जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम आहे. कोण विश्वास ठेवणार? पण 2011 मध्ये शिक्षा झाली ती न्यायात अडथळा आणल्याच्या एकाच आरोपावर, आणि 2015 मध्ये तीही अपिलात रद्द झाली.

आणि ज्यांनी त्याला चोर ठरवलं त्यांनी 1998 मध्ये काय केलं? 1994 च्या खेळाडूंच्या संपात वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, रद्द झाली होती, प्रेक्षक रुसले होते. मग एकाच हंगामात मॅकग्वायरनं 70 आणि सोसानं 66 होमरन मारले, मैदानं पुन्हा भरली. मॅकग्वायरच्या लॉकरमध्ये एका पत्रकाराला अँड्रो या स्टिरॉइडसारख्या औषधाची बाटली दिसली, तर लोक त्या पत्रकारावरच उखडले. अँड्रोवर तेव्हा बेसबॉलमध्ये बंदी नव्हती, आणि पकडल्यावर शिक्षा होईल अशी चाचणी 2004 पर्यंत आलीच नाही. बाँड्सचा एका हंगामातल्या 73 होमरनचा विक्रम 2001 मधला. तेव्हाचे कमिशनर, म्हणजे बेसबॉलचे प्रमुख, सेलिग 2017 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे कूपर्सटाउनच्या सन्मान-दालनात, गेले. ज्यांच्या डोळ्यांदेखत हे चाललं ते सन्मानानं आत, आणि ज्यानं चेंडू मारले तो बाहेर. याची मला आजही चीड येते.

हॉल ऑफ फेमसाठीच्या पत्रकारांच्या मतदानात बाँड्सला 2013 मध्ये 36 टक्के मिळाले, 2022 च्या शेवटच्या संधीत 66. लागतात 75. त्याच वर्षी बॉस्टनचा फलंदाज डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच फटक्यात निवडून आला. 2003 च्या गुप्त चाचणीच्या यादीत त्याचंही नाव असल्याची बातमी आली होती. पण ऑर्टिझ हसून बोलतो आणि बाँड्स पत्रकारांना हाकलून लावायचा. मत देणारे तेच पत्रकार. डिसेंबर 2025 मध्ये हॉल ऑफ फेमच्या समितीपुढे बाँड्सचं पुन्हा नाव गेलं, तर 16 पैकी पाच मतंही नाहीत. निवडला कोण गेला? त्याचाच जुना सहकारी जेफ केंट.

साडूंचं सांगायचं राहिलं. फेब्रुवारी 2009 मध्ये यँकीजच्या अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझनं आधी टेक्ससच्या संघात असताना औषधं घेतल्याची स्वतः कबुली दिली. त्याच वर्षी यँकीजनं वर्ल्ड सिरीज जिंकली आणि साडू मुलांना शाळा बुडवायला लावून मॅनहॅटनच्या मिरवणुकीला घेऊन गेले. फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवले. त्या मिरवणुकीत रॉड्रिगेझही होता. तेव्हा पोरांना काय शिकवलं, हे मी विचारलं नाही. साडू, हे वाचत असाल तर आता सांगा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. 2005 मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर सुनावणी झाली तेव्हा स्टिरॉइड घेणारी पोरं गमावलेले आईबाप तिथे बोलले होते. त्यांच्यासमोर माझा हा युक्तिवाद मी करू शकणार नाही. तुमच्या घरात खेळणारा मुलगा असेल तर त्याला हे औषध शिवू देऊ नका, बाँड्स कितीही मोठा असो.

विक्रम पुसायचे का? अधिकृत नोंदीत कारकिर्दीतले 762 आणि एका हंगामातले 73 जसेच्या तसे आहेत. 756 वा चेंडू एका फॅशन डिझायनरनं साडेसात लाख डॉलरच्या वर देऊन घेतला, ऑनलाइन मतदान घेतलं आणि लोकांच्या कौलानुसार त्यावर तारांकन (हा विक्रम संशयास्पद, अशी खूण) उमटवून कूपर्सटाउनच्या संग्रहालयाला दिला. 2022 मध्ये यँकीजच्या अ‍ॅरन जजनं एका हंगामात 62 मारले तेव्हा पूर्वी 61 चा विक्रम करणाऱ्या रॉजर मॅरिसच्या मुलानं हाच खरा विक्रम म्हणून जाहीर केलं, आणि कित्येकांनी मान डोलावली. माझं मत विचाराल तर पुसू नयेत. बेसबॉलमधल्या औषधांच्या चौकशीच्या 2007 च्या मिचेल अहवालात पिचरांचीही नावं आहेत. बाँड्सचे होमरन पुसणार असाल तर त्या पिचरांनी बाद केलेले फलंदाजही परत बोलावावे लागतील, आणि ते कोणी करणार नाही.