दाबलं की आधी मरगळते, मग पळते

प्रश्न : नमस्कार. माझी पेट्रोल गाडी १४ वर्षांची, रनिंग १ लाख ९० हजार. सिग्नल सुटला की अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि एक सेकंद काहीच होत नाही, मागचा हॉर्न मारायला लागतो आणि मग एकदम गचका देऊन पळते. हळूच पाय दिला तर अगदी शहाण्यासारखी चालते. प्लग नवीन टाकले, इंजेक्टर क्लीन केले, फरक शून्य. चेक इंजिन लाइट पण येत नाही. आता मेकॅनिक म्हणतोय फ्युएल पंप बदलू. बदलू का?

उत्तर : नका बदलू, निदान आत्ता तरी नको. पंप किंवा फिल्टर कमजोर झाला की गाडी सहसा हायवेला, चढावर, म्हणजे बराच वेळ भरपूर पेट्रोल लागतं तिथे दम टाकते. तुमची फक्त पहिल्या सेकंदाला अडते आणि नंतर मस्त पळते. आणि प्लग-कॉइलचं मिसिंग (ठिणगी मधेच चुकणं) असतं तर कचकच कचकच असे बारीक झटके आले असते, तुमचा एकच मोठा आहे.

पहिल्या सेकंदाला होतं काय, तर तुम्ही पाय दाबला की थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) उघडतो आणि हवा लगेच आत घुसते, तेवढ्यात किती हवा आली हे सेन्सरकडून कळून ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) पेट्रोल वाढवायचं असतं (साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने). हवेचा हिशोब चुकला की पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तेवढ्यापुरतं गप्प. म्हणून शोधायची ती हिशोबातली चूक.

एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जो काळा रबरी पाइप जातो, घड्या घड्यांचा, तो आधी बघा. इंजिन बंद आणि गार असताना हाताने ताणा, खालच्या बाजूला टॉर्च मारा, दिसत नसेल तर मोबाइल खाली घालून फोटो काढा. माझ्या जुन्या गाडीत मी आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग गुपचूप बसलो, आणि दोन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी तो पाइप काढला तर खालच्या घडीत एवढी चीर की नख आत गेलं. वरून पाइप नवाकोरा वाटत होता! गंमत अशी की आयडलिंगला (इंजिन चालू, पाय न देता) ती चीर मिटलेली असते, पण पाय दाबला की इंजिन मागे झुकतं, आणि एवढ्या रनिंगला माउंटिंगचं रबर बसलेलं असतं त्यामुळे जरा जास्तच झुकतं, पाइप ताणला जातो, चीर उघडते आणि सेन्सरला न कळता हवा आत. सगळा खेळ सेकंदाभराचा, त्यामुळे लाइट लागेलच असं नाही. चीर सापडली तर टेप गुंडाळून एक चक्कर मारा, गचका गेला तर पाइप नवीन टाका, टेपवर वर्षभर फिरू नका.

मात्र हे ज्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो तिथेच लागू. नुसता मॅप सेन्सर (थ्रॉटलनंतरचा हवेचा दाब मोजणारा) असेल तर या पाइपच्या चिरेने हवेचा हिशोब चुकत नाही.

पाइप चांगला निघाला तर ओबीडी स्कॅनर (ईसीयूचे आकडे दाखवणारं यंत्र) लावून लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-कमी करतोय ते बघा, लाइट नसला तरी. आयडलिंगला एकदा आणि २५०० आरपीएमला एकदा. दोन्हीकडे अधिक-उणे १० च्या आत असेल तर ठीक. एमएएफवाल्या गाडीत आयडलला +१८ आणि रेस दिल्यावर +४ असं दिसलं तर थ्रॉटल आणि इंजिनच्या मध्ये कुठेतरी व्हॅक्युमचा होस (बारीक रबरी नळी) फुटलाय. उलट असेल, म्हणजे आयडलला बरं आणि लोडवर वाढतंय, तर एमएएफ घाण झालाय किंवा पेट्रोल कमी येतंय. एमएएफ त्याच्याच स्प्रेने धुवायचा, आतल्या तारेला बोट किंवा फडकं लावायचं नाही. त्यानंतरही तसंच राहिलं तर पंपाचा विषय काढा, आणि तेव्हासुद्धा आधी गेज लावून प्रेशर मोजायला सांगा.

अजून एक, केबलवाला थ्रॉटल असेल तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर (थ्रॉटल किती उघडला ते सांगणारा) तपासा. इग्निशन ऑन, इंजिन बंद, सेन्सरला मल्टिमीटर लावून पॅडल अगदी हळू दाबायचं, व्होल्टेज साधारण ०.५ पासून ४.५ पर्यंत न अडखळता चढलं पाहिजे. सुरुवातीलाच मध्येच पडलं तर सेन्सरच्या आतली पट्टी झिजलीये, रोजचं ड्रायव्हिंग त्याच भागात होतं ना.

आणि लीक शोधायला गरम इंजिनवर क्लीनर फवारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पेट घेतो. स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या.

प्रश्न : माझीही गाडी जुनी, २ लाख १० हजार. पण आयडलिंग छान, सिग्नलवरून छान उठते, चढ लागला की दम संपतो. हाच पाइप का?

उत्तर : नाही, तुमचं वेगळं आहे. फ्युएल फिल्टर शेवटचा कधी बदलला ते आठवा आणि प्रेशर मोजा, मी वर पंपाबद्दल जे म्हटलं ते तुम्हाला लागू पडतं. प्रेशर बरोबर आलं तर व्हॅक्युम गेज लावून २५०० आरपीएमला धरून ठेवा. काटा हळूहळू खाली सरकत गेला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा डबा) चोक झालाय. तो बदलण्याआधी मिसिंग किंवा ऑइल जळणं चालू नाही ना ते बघून घ्या, नाहीतर नवीन पण तसाच भरेल.